इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी: गुण, दोष आणि ती टिकवायची रीत

“दोन वर्षांत बॅटरी बसली, कंपनीनं फसवलं” ही तक्रार आपल्याकडे घरोघर ऐकू येते. कधी ती खरीही असते. पण लवकर मेलेल्या शिशाच्या बॅटऱ्या उघडून पाहिल्या तर बहुतेकींचा जीव दोनच कारणांनी गेलेला दिसतो. एक, ती उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली. दुसरं, तिच्यातलं पाणी आटलं तरी कुणी बूच उघडून पाहिलं नाही. दोन्ही गोष्टी घरच्या घरी टाळता येतात. म्हणून या लेखात बॅटरी निवडण्यापासून ती भंगारात देण्यापर्यंतचा सगळा क्रम दिला आहे. मोबाइल आणि स्कूटरमुळे लिथियमचं नाव सगळीकडे झालं असलं, तरी आपल्या घरांतल्या इन्व्हर्टरखाली आजही बहुतांशी शिसं आणि अ‍ॅसिडच आहे.

आत काय चालतं, हे आधी

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल ओळीनं जोडलेले असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. प्रत्येक सेलमध्ये दोन जातींच्या प्लेटा: धन प्लेटवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसं. त्या पाणी मिसळलेल्या सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये बुडालेल्या असतात. वीज वापरली जाते तसं दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसत जातं आणि अ‍ॅसिड पातळ होतं. चार्जिंग सुरू झालं की सल्फेट सुटून पुन्हा अ‍ॅसिडमध्ये जातं आणि अ‍ॅसिड घट्ट होतं. फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये अशी पहिली बॅटरी बनवली. मूळ रसायन अजून तेच आहे.

या सल्फेटवरच सगळं अवलंबून आहे. नुकतं बसलेलं सल्फेट बारीक कणांचं असतं आणि चार्जिंगनं सहज सुटतं. तेच आठवडेन् आठवडे तसंच राहिलं तर कण मोठे आणि कडक होतात, मग चार्जर त्यांना हलवू शकत नाही. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. मेकॅनिक “सल्फेट धरलंय” म्हणतात ते हेच. म्हणून या बॅटरीचा एक नियम पक्का लक्षात ठेवा: ती उतरली तर लगेच पूर्ण भरा. रोज वापरली तरी चालेल, पण अर्धवट भरलेली ठेवू नका.

जमेच्या बाजू

पहिला खर्च कमी, आणि तालुक्याच्या गावातही दुकान, मेकॅनिक, सुटे भाग सगळं मिळतं. एका झटक्यात भरपूर करंट देण्याची ताकद तिच्यात आहे, त्यामुळे मिक्सर किंवा पंपाची मोटर सुरू होतानाचा धक्का ती सहन करते. थोडं जास्त चार्जिंग झालं तर पाणी जरा जास्त आटतं, एवढंच. लिथियमला मात्र प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट लागतंच. आतला द्रव पाण्याचा असल्यामुळे तो पेट घेत नाही. (चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन मात्र पेटतो, त्याबद्दल पुढे.) बूच असलेल्या बॅटरीत सहा सेल वेगवेगळे तपासता येतात आणि बिघाड कुठे आहे ते आपल्याला आपल्या डोळ्यांनी दिसतं. हा गुण मला फार मोलाचा वाटतो. बंद डब्यातल्या वस्तूबद्दल दुकानदार सांगेल ते ऐकावं लागतं, इथे तसं नाही.

शिवाय मेल्यावरही ती विकली जाते. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं आणि शिशाची संयुगं असतात. ते वितळवून पुन्हा बॅटरीतच वापरता येतं.

उण्या बाजू

वजन पहिलं. १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) उंच ट्युब्युलर (नळीदार प्लेटांची) बॅटरी अ‍ॅसिडसकट ५० ते ६० किलोच्या आसपास भरते आणि त्यात कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते. प्रत्यक्षात तेवढी काढता येत नाही, कारण पूर्ण उतरवली की आयुष्य झपाट्यानं घटतं. नेहमीच्या वापरात निम्मी क्षमताच आपली, असं धरून चालावं.

भरायला वेळ लागतो. पूर्ण उतरलेली बॅटरी घरगुती इन्व्हर्टरवर १० ते १२ तास, कधी त्याहून जास्त घेते, आणि शेवटचा पाचवा हिस्सा सर्वांत रेंगाळतो. ज्या गावात वीज दोन-तीनदा जाते आणि मध्ये चार-पाच तासच असते, तिथे हा शेवटचा हिस्सा भरतच नाही. रोज थोडं सल्फेट मागे राहतं. तिथली बॅटरी शहरातल्या बॅटरीच्या निम्मीही टिकत नाही, याचं कारण हे आहे. भरलेल्या विजेपैकी साधारण पाचवा भाग उष्णतेत आणि गॅसमध्ये जातो, तोही बिलात येतो.

उष्णता तिचा मोठा शत्रू. जाणकारांचा ठोकताळा असा, की २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंश तापमान वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीचं काय होत असेल याचा अंदाज यावरून येईल.

आणि शिसं विषारी आहे. बॅटरी बंद आणि धडधाकट असेपर्यंत घरात त्याचा त्रास नाही, पण फोडली किंवा उघड्यावर वितळवली की ते धुळीत, मातीत जातं.

पायरी १: लोड मोजा

दुकानात जाण्याआधी कागदावर लिहा, वीज गेल्यावर नक्की काय चालायला हवं. उदाहरण घेऊ. दोन जुने पंखे, ७५ वॅटचे, म्हणजे १५०. तीन एलईडी ट्यूब २० वॅटच्या, ६०. राउटर १०. टीव्ही ८०. एकूण ३०० वॅट.

आता बहुतेक जण १२ गुणिले १५० म्हणजे १८०० करतात, त्याला ३०० नं भागतात आणि सहा तास बॅकअप मिळेल असं धरतात. तसं होत नाही. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, त्यामुळे बॅटरीतून ३६० वॅटच्या आसपास, म्हणजे ३० अँपिअर ओढले जातात. आणि करंट जितका जास्त, तितकी बॅटरीची हाती येणारी क्षमता कमी. १५० एएच हा आकडा २० तासांत सावकाश, साडेसात अँपिअरनं उतरवल्यावरचा असतो. ३० अँपिअरनं ओढलं तर साधारण १०५ ते ११० एएच मिळतात, म्हणजे साडेतीन तास. तेही नव्या बॅटरीत आणि तळापर्यंत उतरवल्यावर. निम्म्यावर थांबायचं तर पावणेदोन तास धरा.

इथे एक खर्च वसूल होणारा उपाय आहे. ते दोन पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बसवले, तर लोड ३०० वरून २१० वर येतो आणि तीच बॅटरी तळापर्यंत उतरवली तर पाच तासांच्या वर चालते. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, असं मी प्रत्येकाला सांगतो. फायदा दुहेरी आहे: बॅकअप वाढतो आणि बॅटरी कमी खोल उतरते म्हणून टिकतेही. फ्रिज, गीझर, इस्त्री, ओव्हन इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊच नका.

पायरी २: दुकानात काय बघायचं

घरासाठी ट्युब्युलर घ्या. साध्या चपट्या प्लेटांची बॅटरी स्वस्त मिळते, पण रोज उतरून भरण्याचं काम तिला झेपत नाही. तिच्या धन प्लेटवरचा मसाला, म्हणजे तो शिशाचा डायऑक्साइड, हळूहळू गळून तळाशी साचतो. ट्युब्युलरमध्ये हा मसाला पॉलिस्टरच्या विणलेल्या नळ्यांत बंद असतो, म्हणून गळत नाही. नीट निगा ठेवली तर ट्युब्युलर चार ते सहा वर्षं सहज जाते. गाडीची बॅटरी इन्व्हर्टरला लावण्याचा मोह टाळा. ती गाडी सुरू करण्यापुरता मोठा करंट देण्यासाठी पातळ प्लेटांची बनवलेली असते.

लेबलवर एएचपुढे सी-२० लिहिलंय की सी-१० हे बघा. सी-१० म्हणजे तो आकडा दहा तासांत उतरवून मोजलेला आहे. एकच आकडा छापलेल्या दोन बॅटऱ्यांत सी-१० वाली प्रत्यक्षात मोठी असते. सोलरसाठीच्या बॅटऱ्यांवर बहुधा सी-१० असतं. भाव करताना हा फरक विचारला की दुकानदारही सावध होतो.

वजन विचारा. एकाच क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांत चार-पाच किलोंचा फरक असेल तर जडवाली सहसा बरी, कारण शिसं जास्त. अ‍ॅसिडची उंची वेगळी असू शकते, म्हणून कोरडं वजन मिळालं तर तेच ताडून बघा.

वॉरंटी “३६ अधिक २४” अशी सांगतात. पहिल्या आकड्याइतके महिने बिघाड निघाला तर बॅटरी बदलून मिळते, दुसऱ्या आकड्याच्या काळात फक्त नव्या बॅटरीवर सूट मिळते. बेरीज करून “पाच वर्षं वॉरंटी” असं कुणी म्हणत असेल तर फोड विचारा. कार्डावर तारीख, शिक्का आणि नंबर तिथल्या तिथे भरून घ्या.

बनल्याची तारीखही बघा. अ‍ॅसिड भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी दर महिन्याला काही टक्के उतरते, उन्हाळ्यात जास्तच. गोदामात आठ-दहा महिने न चार्ज करता पडलेली बॅटरी तुमच्या घरी येण्याआधीच सल्फेट धरायला लागलेली असते.

पायरी ३: जागा आणि जोडणी

चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीनं भडकू शकतो. हवा खेळती असेल तर इतका साठा कधी होत नाही. पण माळ्याखालचं बंद कपाट, देव्हाऱ्याखालचा कप्पा, गॅस सिलिंडरशेजारची जागा, झोपायची बंद खोली, या ठिकाणी बॅटरी नको. हायड्रोजन हलका असतो, वर चढतो, म्हणून हवा जायला वाट वरच्या बाजूला हवी. निरांजन, उदबत्ती, सिगारेट तिच्याजवळ नेऊ नका.

ऊन लागणारी गॅलरीही नको. घरातली सावलीची, भिंतीपासून थोडी सुटी जागा बघा, म्हणजे मागूनही वारा लागेल.

जोडताना हातातल्या बांगड्या, अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवा. दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर तो लाल होईपर्यंत तापतो. सोडताना आधी ऋण टर्मिनल, जोडताना ते शेवटी. तार जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवा.

बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं, ते ट्युब्युलरवर आहे ना ते बघा. बसवणारा माणूस घाईत ते तसंच सोडून जातो आणि वर्षभर बॅटरी कमी व्होल्टेजवर अर्धवट भरत राहते. ट्युब्युलरला पूर्ण भरताना १४.४ व्होल्टच्या आसपास आणि नंतर नुसतं धरून ठेवायला १३.५ ते १३.८ व्होल्ट लागतात. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) टर्मिनलांना लावला की हे पाच मिनिटांत कळतं. बसवल्यावर पहिला दिवस लोड न देता पूर्ण चार्ज होऊ द्या.

पायरी ४: पाणी

हे काम नीट शिकून घ्या, कारण सगळी निगा इथेच आहे. इन्व्हर्टर आणि त्याचा मेन दोन्ही बंद करा. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. बॅटरीची वरची बाजू आधी ओल्या कापडानं पुसा, नाहीतर बूच उघडताच धूळ आत जाते. बुचातल्या तरंगत्या काडीचा रंग बघा. हिरवा म्हणजे पातळी ठीक, लाल म्हणजे पाणी हवं. काडी अडकूनही बसते, म्हणून बोटानं हलकं दाबून सोडा. ती पुन्हा मोकळेपणानं वर आली पाहिजे. मग एकेका सेलमध्ये बारीक धारेनं खुणेपर्यंत पाणी टाका.

टाकायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी पिण्याला चांगलं, पण त्यात क्षार असतात. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण येतात. उकळलेलं, पावसाचं, गाळलेलं, यांपैकी काहीही नको. आणि अ‍ॅसिड तर कधीच नको. वापरात आटतं ते पाणी; अ‍ॅसिड आतच असतं. वरून अ‍ॅसिड टाकलं की बॅटरी दोन दिवस जोरात चालल्यासारखी वाटते आणि ते जादा अ‍ॅसिड प्लेटा खाऊन टाकतं.

पाणी टाकायची योग्य वेळ पूर्ण चार्जिंगनंतरची. चार्ज होताना द्रव फुगतो, म्हणून आधीच काठोकाठ भरलं तर अ‍ॅसिड बाहेर वाहतं. प्लेटा उघड्या दिसत असतील तर मात्र त्या झाकण्यापुरतं आधी टाका, चार्ज करा, मग खुणेपर्यंत भरा.

उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांनी बघणं पुरतं. दर आठवड्याला पाणी लागत असेल तर चार्जिंग व्होल्टेज जास्त आहे. सहापैकी एकाच सेलची पातळी सारखी खाली जात असेल तर तो सेल बिघडलाय किंवा डब्याला तडा आहे.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा साचला असेल तर जोडणी सोडून, खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. सोड्याचं पाणी बुचातून आत जाऊ देऊ नका. अ‍ॅसिड डोळ्यांत उडालं तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

पायरी ५: तपासणी

बॅकअप कमी झाला की थेट नवी घेऊ नका. पूर्ण चार्ज करा, तारा सोडा, तीन-चार तास तशीच ठेवा आणि मग मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.८ म्हणजे रिकामी. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलेला आकडा फसवा असतो, तो नेहमी जास्तच दिसतो.

आकडा १०.५ च्या आसपास अडला असेल तर हिशेब सरळ आहे: १२.६ मधून २.१ गेले, म्हणजे सहांपैकी एक सेल शॉर्ट झालाय. इतर पाच चांगले असले तरी आता उपयोग नाही.

पुढची तपासणी हायड्रोमीटरची, म्हणजे अ‍ॅसिड किती घट्ट आहे ते मोजणाऱ्या नळीची. काचेच्या नळीचा रबरी फुगा दाबून सेलमधला द्रव वर ओढायचा आणि आतला तरंगणारा भाग कुठल्या आकड्यावर ठरतो ते डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचायचं. भरलेल्या ट्युब्युलरला १.२४० च्या जवळपास आकडा येतो, म्हणजे द्रव पाण्याच्या १.२४ पट जड. दुकानात याला “ग्रॅव्हिटी बाराशे चाळीस” म्हणतात. सहाही सेलचे आकडे ओळीनं लिहा. सगळेच ११८०, ११९० असे सारखे कमी असतील तर बॅटरी नीट भरलेली नाही किंवा सल्फेट धरलंय. कमी करंटवर २४ तास सावकाश चार्ज करून पुन्हा मोजा, कधी कधी बरीच सुधारणा होते. पाच सेल १२३५ आणि एकच ११७० असेल तर तो एक गेला. नुकतं पाणी टाकलं असेल तर ही तपासणी पूर्ण चार्जिंगनंतरच करा, कारण नवं पाणी वरच तरंगत राहतं.

“अ‍ॅसिड बदलून देतो, नवी होईल” असं कुणी म्हटलं तर नकार द्या. बिघाड प्लेटांत असतो. जादा घट्ट अ‍ॅसिड घालून व्होल्टेज वाढवता येतं, क्षमता वाढवता येत नाही.

गावी जाताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावी जाताना आपण घराचा मेन स्विच खाली करतो आणि इन्व्हर्टरचं बटण तसंच राहतं. इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली. तो राउटर, टीव्हीचा लाल दिवा, काय जोडलेलं असेल ते चालवत बसतो, बॅटरी तळाला जाते, इन्व्हर्टर बंद पडतो, आणि मग मे महिन्याच्या उकाड्यात बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत तीन-चार आठवडे पडून राहते. सल्फेट कडक व्हायला याहून सोयीची परिस्थिती नाही. परत आल्यावर “जाताना तर चांगली होती” असं वाटतं, आणि ते खरंच असतं.

म्हणून जाण्याआधी पाणी बघा, बॅटरी पूर्ण भरू द्या, मग इन्व्हर्टर बंद करून बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडा. अशी ती महिना-दोन महिने सुखरूप राहते. परतल्यावर आधी पूर्ण चार्ज, मग वापर.

जिथे वीज फारशी जातच नाही तिथे उलट काळजी घ्यावी लागते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मेन बंद करून तास-दीड तास घर बॅटरीवर चालवा आणि पुन्हा पूर्ण भरू द्या. नुसतं धरून ठेवलेल्या उंच बॅटरीत घट्ट अ‍ॅसिड तळाशी बसतं. भरताना येणाऱ्या बुडबुड्यांनी ते ढवळलं जातं. बॅटरी खरोखर किती वेळ चालते हेही कळतं, ऐन परीक्षेच्या रात्री कळण्यापेक्षा हे बरं.

मग लिथियम कधी?

रोज तीन-चार तासांहून जास्त वीज जात असेल, दोन भारनियमनांमध्ये पूर्ण चार्जिंगला वेळ मिळत नसेल, घरात हवेशीर जागा नसेल किंवा पाणी बघणारं कुणी नसेल, तर लिथियम आयर्न फॉस्फेटचा जास्तीचा खर्च करा. ती झटपट भरते, अर्धवट भरलेली राहिली तरी बिघडत नाही, ८० टक्के क्षमता बिनधास्त वापरता येते आणि वजन निम्म्याहून कमी. मात्र इन्व्हर्टर तिला चालणारा हवा. जुन्या इन्व्हर्टरचं चार्जिंग तिला जुळेलच असं नाही. आठवड्यातून एक-दोनदा तास-दोन तास वीज जाणाऱ्या घरी मी आजही ट्युब्युलरच सुचवेन.

दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर एक गेली म्हणून एकच नवी आणू नका. जुनी आधी उतरते, नवीला अर्धवट भरलेलं ठेवते आणि वर्षभरात नवीही जुनीच्या वाटेनं जाते.

शेवटची पायरी: जुनी बॅटरी देताना

भारतात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर होईल हे बघण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता वेगळी, अधिकृत ठिकाणी देण्याची आपल्यावर. नवी घेताना जुनी त्याच दुकानात बदलीत द्या आणि बिलावर तिची वजावट लिहून घ्या.

दारावरचा भंगारवाला कदाचित दोनशे रुपये जास्त देईल आणि “अ‍ॅसिड इथेच ओतून द्या, वजन कोरडं करतो” म्हणेल. ते ओतू नका. त्या अ‍ॅसिडमध्ये शिसं मिसळलेलं असतं, ते गटारात आणि मातीत जातं. अशा बॅटऱ्या पुढे उघड्यावर कोयत्यानं फोडतात आणि भट्टीत वितळवतात. त्या धुराजवळ राहणाऱ्या मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, आणि मुलांच्या रक्तातलं शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बॅटरी सगळी बुचं घट्ट लावून, उभी ठेवून, अ‍ॅसिडसकट दुकानात पोचवा. टेम्पोत ती आडवी होणार नाही अशी दोरीनं बांधा, आणि दोन माणसांनी मिळून उचला.